कांद्याची पेशी

आधी चहा संपवून घ्या, मग सांगतो. कारण हा किस्सा सांगताना मधेच कुणीतरी हसतं, चहा नाकात जातो, आणि त्याचं खापर माझ्यावर फुटतं. नुकतंच माझ्यावर काय काय फुटलंय ते ऐकालच. त्यात आणखी एक कप नको!

तसा मी शिकलेला माणूस आहे. निदान भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर तसं लिहिलंय. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., त्यातच पीएच.डी., संत्र्याच्या पानावरच्या बुरशीवर भलामोठा प्रबंध आणि पुण्याकडच्या कॉलेजात सगळी नोकरी. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको आपल्या पांढुर्ण्याला परतलो. इथे सगळे मला 'डॉक्टर साहेब' म्हणतात आणि गुडघा दुखला की दाखवायला येतात. मी म्हणतो, "अहो, मी संत्र्याचा डॉक्टर." तर म्हणतात, "चालते नं साहेब, सांगा काहीतरी!" मग मी घाबरत घाबरत तिळाचं तेल सांगतो आणि त्यांचा गुडघा बरा होईपर्यंत मला झोप लागत नाही.

माझा स्वभावच तसा. बरोबर उत्तर ठाऊक असलं तरी मनात येतं, आपलं चुकत तर नसेल? माझे विद्यार्थी एकमेकांना सांगायचे, "सरांना शंका विचारू नका रे, त्यांच्याकडे आधीच खूप आहेत."

तर माझी लेक सौंसरला दिली आहे. तिची मुलगी पूर्वा अकरावीत आहे, बायो घेतलंय. एक दिवस तिचा फोन आला.

"आबाजी, आमच्या बायोवाल्या मॅडम सुट्टीवर गेल्या. त्याइले बाळ होनार हाय. प्रॅक्टिकल तोंडावर आलं अन् आम्ही अजून मायक्रोस्कोपमधून काहीच नाही पाह्यलं. मायक्रोस्कोप कपाटात बसून हाय!"

"अरेरे. मग आता?"

"मग मी प्रिन्सिपल मॅडमले सांगून टाकलं, माझे आबाजी पीएच.डी. हाय, ते येऊन दाखवतीन."

"अगं, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तं तुमी म्हटलं असतं, विचार करतो. तुमचा विचार होईपर्यंत माझं कॉलेज संपलं असतं."

मग पोरीचा आवाज जरा खाली आला.

"वर्गातले पोट्टे मले चिडवून राहिले, आबाजी. म्हणतात, तुझे आबाजी डॉक्टर हाय तं सुई काहून नाही देत? झोलाछाप हाय काय, बिना डिग्रीवाले? तुमी बुधवारी या अन् दाखवाच त्याइले."

झालं! म्हणजे आता प्रश्न कांद्याचा राहिला नाही. नातीच्या इज्जतीचा झाला. आणि ती इज्जत कुणाच्या हातात? तर ज्याच्या हातात कपबशी दिली की पाहुण्यांना वाटतं, घरात कुणीतरी तबला वाजवतंय, अशा माणसाच्या!

तुम्ही म्हणाल, कांद्याचा पापुद्रा बघायचा त्यात एवढं काय? अहो, सोपं असतं तेच चुकतं. कांद्याच्या पाकळीच्या आतून ती पातळ झिल्ली असते ना, ती चिमट्याने अलगद ओढून काढायची. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायची, सुरकुती पडू द्यायची नाही. वर आयोडीनचा थेंब. मग सुईच्या आधाराने त्यावर दुसरी इवलीशी काच टेकवायची, हळूहळू, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकतो. आणि नवखा माणूस त्या बुडबुड्यालाच पेशी समजून वहीत चित्र काढतो. मी जन्मभर पोरांना यावरून रागावलो. आता मीच बुडबुडा दाखवला तर? दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. दिसलंच नाही तर?

या काळजीत मी सकाळी अंगणात फेऱ्या मारत होतो. शेजारच्या कुंपणापाशी गुलाबराव दात घासत उभे होते.

गुलाबराव म्हणजे संत्र्याच्या बागेचे मालक. पण खरी ओळख वेगळी. रामाकोन्याकडे त्यांचं वडिलोपार्जित शेत आहे आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलत भावाशी सौंसरच्या कोर्टात खटला आहे. लोक सासरी जातात तसे ते कोर्टात जातात. तसेच कपडे करून, तेवढ्याच उत्साहानं आणि येताना तितकेच चिडून.

"काय साहेब, सकाळी सकाळी येरझारा घालून राहिले?"

"काही नाही हो. बुधवारी सौंसरला जायचंय. पेशी आहे."

आता तुम्ही आपल्याकडचे असाल तर इथेच डोक्याला हात लावला असेल. लावा! मी मात्र लावला नाही. ज्या इवल्याशा विटांनी झाडं, माणसं, मांजरं सगळी बनतात, त्या विटेला मराठी पुस्तकात पेशी म्हणतात. तिकडे जन्मभर मी तोच शब्द वापरला. पण आपण पडलो मध्य प्रदेशात, इथल्या शाळांत पुस्तकं हिंदी, तिथे तिला म्हणतात कोशिका. आणि पेशी म्हणजे? पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! शेंबड्या पोराला ठाऊक आहे. लहानपणी मलाही ठाऊक असणार. पण मधे पीएच.डी. झाली ना!

गुलाबरावांचा ब्रश तोंडातच थांबला. "पेशी? तुमची?"

"माझीच म्हणायची. सगळ्यांसमोर उभं मलाच राहायचंय."

"कायची?"

"कांद्याची."

ते कुंपणाला खेटून आले. आवाज एकदम खाली. "कांद्यातही असते?"

"असते म्हणजे! कांद्यात, संत्र्यात, कपाशीत, कुठे नसते ते विचारा."

"संत्र्यातही?" संत्र्यांचा मालक माणूस, चेहरा पार उतरला.

"हो तर. पण कांद्यात चटकन सापडते."

"बरोबर हाय," गुलाबराव हळहळले. "कांद्यात चटकन सापडते मानूस." मग थोडं थांबून, "पहिलीच हाय काय?"

"छे! हयात यातच गेली. पुण्याकडे तर रोज असायची."

"रोज!" आता त्यांच्या डोळ्यांत मला वेगळाच आदर दिसला. आयुष्यात पहिल्यांदा वनस्पतिशास्त्राबद्दल कुणाला एवढा आदर वाटत होता. मी सुखावलो. "माझी तं सालातून दोन-तीनदा लागते, तरी जीव जाते. रोज कशी निभावली तुमी?"

"तेव्हा हाताखाली माणूस होता ना. सगळी सेटिंग तोच करून ठेवायचा. मी फक्त जाऊन वाकायचो."

"सेटिंग!" गुलाबराव पुटपुटले. "आन् आता?"

"आता एकटाच. म्हणून तर भीती वाटते. सगळ्यांसमोर उघडा पडलो तर? मला माझं काही नाही हो, पण नातीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

गुलाबरावांनी कुंपणावरून हात घालून माझा खांदा दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, काय माणूस आहे! शेजाऱ्याच्या प्रात्यक्षिकाची केवढी काळजी!

दुसऱ्या दिवशी मी आठवडी बाजारात कांदे घ्यायला गेलो. साधा कांदा चालत नाही, जाड पाकळीचा, रसरशीत लागतो. मी एकेक कांदा उचलून उन्हात धरून बघत होतो. कांदेवाल्या कमलाबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"किती देऊ साहेब?"

"दोन."

"दोन क्विंटल?"

"अहो नाही! दोन नग."

बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि एक डोळा बारीक केला. "हो हो. लोकाइसमोर दोन नगच बोला." मग कांदे पिशवीत टाकता टाकता कानाशी आल्या. "मले फक्त एवढं सांगा साहेब, भाव चढन का पडन?"

मी काय सांगणार? मला कुठल्याच प्रश्नाला 'ठाऊक नाही' म्हणता येत नाही. घाबरून म्हटलं, "चढेल बहुतेक."

बाईंनी तिथल्या तिथे अर्धं दुकान गोणीत भरून टाकलं!

त्यानंतर पांढुर्ण्याचं प्रेम नुसतं उतू जायला लागलं. रस्त्यात कुणीही थांबायचं, माझा हात हातात घ्यायचं आणि म्हणायचं, "भिऊ नका साहेब, होईन सगळं बरोबर." न्हावी दाढी करताना म्हणाला, "साहेब, जे हाय ते सुरुवातीलेच कबूल करून टाका. मन हलकं होते." मला पटलं. मी ठरवलं, वर्गात गेल्या गेल्या सांगून टाकायचं की माझा हात थरथरतो. घरी येऊन बायकोला म्हणालो, "सुमन, या गावाला विज्ञानाची केवढी कळकळ आहे!" तिने माझ्याकडे फार वेळ पाहिलं आणि न विचारता साजूक तुपातला शिरा केला.

बुधवारी सकाळी दारात जीपचा हॉर्न वाजला. गुलाबराव! पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध.

"बसा. पेशीले एकट्यानं जाऊ नाही कोनी. मी येतो संग."

"अहो, कशाला तुम्हाला त्रास?"

"त्रास कायचा? वेळ आली तं दोन शब्द बोलीनही मी तुमच्यासाठी."

मला वाटलं, पाहुण्यांचा परिचय वगैरे करून देणार असतील. म्हटलं, चला, तेवढंच बरं.

वाटेत त्यांचं मार्गदर्शन सुरू. "विचारतीन तेवढंच सांगाचं. जास्त बोललं का मानूस फसते."

"खरं आहे. पोरं उलटे प्रश्न विचारतात."

"पोरं? आजकाल सगळे पोट्टेच येऊन राहिले काळे कोट घालून," गुलाबराव म्हणाले.

मी मनात म्हटलं, प्रयोगशाळेत पांढरा कोट घालतात, सौंसरला काळा घालत असतील. वाद कशाला?

सौंसरला पोचलो तर जीप सरळ कोर्टाच्या फाटकात वळली! सवयच तशी, बैलाला गोठा दिसावा तशी. मी ओरडलो, "अहो, इथे कुठे? शाळेत जायचंय!"

"शाळेत?" गुलाबराव विचारात पडले. मग त्यांचं त्यांनाच कळलं. "हां हां! शिबिर लागलं असन तिथं."

"शिबिरच समजा." खटले मिटवायला लोक अदालतीचीही शिबिरं लागतात, हे मला कुठे ठाऊक!

"हे बरं झालं. शिबिरात लवकर निपटते."

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. समोर उंच ओट्यावर टेबल, टेबलामागे प्रिन्सिपल मॅडम. बाकांवर अकरावीची झुंड, पहिल्या रांगेत ताठ बसलेली पूर्वा. मॅडमनी डस्टर टेबलावर दोनदा आपटला आणि म्हणाल्या, "शांत रहिए सब लोग!" त्याबरोबर माझ्या मागे गुलाबराव हात जोडून ताडकन उभे!

मॅडमनी त्यांना विचारलं, "आप भी बायोवाले हैं?"

"नाही जी," गुलाबराव अदबीनं म्हणाले, "मी धुऱ्यावाला."

मॅडमनी 'अच्छा' म्हणून मान डोलावली. काय समजल्या ते त्यांनाच ठाऊक. गुलाबराव जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

मी मायक्रोस्कोपसमोर उभा राहिलो. चाळीस डोळे माझ्यावर, त्यातले दोन पूर्वाचे, आणि ते दोनच मला सगळ्यात मोठे दिसत होते. न्हाव्याचा सल्ला आठवला, कबूल करून टाकायचं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"मुलांनो, आज आपल्यासमोर कांद्याची पेशी आहे. पेशी म्हणजे काय, कोण सांगेल?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मागचा एक उंचाडा पोरगा उठला.

"सर, पेशी म्हणजे तारीख!"

"तारीख?"

"हो सर. माझ्या काकाची असते ना. जज साहेब येत नाही, मग दुसरी भेटते."

वर्ग फिदीफिदी. पूर्वा दातांतल्या दातांत कुजबुजली, "आबाजी! कोशिका म्हना, कोशिका!"

आणि त्या क्षणी, तुम्हाला काय सांगू, माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. कुंपण... सेटिंग... दोन क्विंटल... 'कबूल करून टाका'... साजूक तुपातला शिरा! अरे देवा! सगळं पांढुर्णा मला कांद्याचा साठेबाज समजून बसलंय!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात 'कांद्याची पेशी' एवढंच ऐकलेले गुलाबराव शेवटच्या बाकावरून उठले. "मॅडम साहेब! मले याइच्या बाजूनं दोन शब्द बोलाचे हाय."

"गुलाबराव, नको!" मी किंचाळलो.

"तुमी चूप राहा. विचारतीन तेवढंच बोला म्हटलं नं मी तुमाले?" आणि मॅडमकडे वळून त्यांनी गवाही सुरू केली. "मॅडम साहेब, मी याइच्या शेजारी राह्यतो. हा मानूस गुन्हा करूच शकत नाही. चांगला हाय म्हनून नाही म्हनत मी. भेकड हाय म्हनून!"

मॅडमचा डस्टर हवेत.

"सोताच्या घराले कुलूप लावते, तं तीनदा परत येऊन ओढून पाह्यते. तो दुसऱ्याचं कुलूप कवा तोडन? मांजर आडवी गेली, तं मांजरीले सॉरी म्हनते. परवा याइच्या झाडाचे लिंबू मी तोडून राहिलो होतो, न विचारता. यानं पाह्यलं अन् हाच घरात लपून बसला, मले वाईट वाटू नाही म्हनून! असा मानूस कांद्याचा साठा करन? दोन नंबरचं एक पोतं याच्या घरात ठेवा, सकाळी हाच त्या पोत्यासमोर कान पकडून उभा दिसन! बस, एवढंच बोलनं होतं. बाकी तुमी न्याय करा."

आणि खाली बसले!

पुढचा आवाज मी आजवर कुठल्याही वर्गात ऐकलेला नाही. खिडकीच्या काचा हलल्या. पोरं बाकांवर डोकी टेकवून हसत होती. मॅडम टेबलाचा आधार घेत म्हणाल्या, "डॉक्टर साहब, ये क्या मामला है?"

"कोशिका, मॅडम! कोशिका! मामला-बिमला काही नाही, फक्त कोशिका!"

मागून गुलाबरावांचा खचलेला आवाज आला. "आता हे कोशिका कोन? बापा, यात बाईही हाय?"

संपलं! मॅडमसुद्धा पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मी भीत भीत पूर्वाकडे पाहिलं. मला वाटलं, पोरगी रडत असेल. रडतच होती, पण हसून हसून. शेजारच्या मुलीला कोपराने ढोसत सांगत होती, "पाह्य, हे माझे आबाजी!" आणि ते असं म्हणत होती, जसं मी नुकताच शिखर चढून खाली आलोय.

आता गंमत बघा. माणूस कशाला घाबरतो? हसं होईल म्हणून. ते तर होऊन गेलं होतं, भरघोस! उरलं होतं काय? मी कांदा हातात घेतला, पाकळी मोडली, चिमट्याने झिल्ली ओढली. एका दमात, अखंड आली. सुई टेकवली, वरची काच अलगद उतरवली. मधेच लक्षात आलं, अरे, हात थरथरत नाहीये! लक्षात आल्याबरोबर थोडा थरथरला, पण तोवर काच बसली होती.

आरसा खिडकीकडे वळवला, आधी कमी ताकदीचं भिंग लावलं, डोळा टेकवला. समोर एक काळ्या किनारीचा गोल. बुडबुडा! काचपट्टी केसभर सरकवली. मग पुन्हा थोडी. आणि एकदम...

काय सांगू! पिवळ्याधमक उजेडात, एकाला एक चिकटलेल्या लांबट पेशी. बारीक भिंती, प्रत्येकीत एक गडद ठिपका, तिचं केंद्रक. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तो पिवळा रंग इतका चकचकीत दिसला की वाटलं, तरुणपणी मी बहुतेक धुळीतूनच बघत होतो. मी नुसताच बघत उभा राहिलो. शेवटी पूर्वाने सदरा ओढला. "आबाजी, आम्हालेही पाहू द्या!"

पोरं रांगेने आली. प्रत्येकाचं तेच, आधी "काहीच नाही दिसून राहिलं, सर", मग "दिसलं! दिसलं!" आणि मग पुढच्याला जागाच द्यायची नाही. सुईवरून चिडवणारे पोट्टे कोण होते ते पूर्वाने मला डोळ्यांनी दाखवलं. तेच सगळ्यात जास्त वेळ वाकून होते. एकाने विचारलं, "सर, गालाच्या आतल्याही दिसतीन काय? माझ्या?" मी म्हटलं, "दिसतील." आणि आश्चर्य म्हणजे मनात शंका आली नाही!

सगळ्यांत शेवटी गुलाबराव आले. तोवर पूर्वाने त्यांना सगळा उलगडा करून दिला होता, त्यामुळे जरा रुसलेलेच होते. इतकी सुंदर गवाही कांद्याच्या सालीवर वाया गेली! डोळा लावला आणि बराच वेळ हललेच नाहीत.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "कोठड्या हाय. ओळीनं कोठड्या. आन् हर कोठडीत एकेक जन बसून हाय."

"ते केंद्रक आहे. पेशीचा सगळा कारभार तेच बघतं."

"बिचारा," गुलाबराव म्हणाले. "पेशीही त्याचीच, कोठडीही त्याचीच!"

येताना जीपमध्ये आम्ही दोघं म्हातारे मोकळ्या गळ्यानं हसत आलो. मॅडमनी पुन्हा यायला सांगितलं होतं. पूर्वा फाटकापर्यंत सोडायला आली होती, माझा हात धरून, सगळ्या वर्गाच्या देखत. आणखी काय पाहिजे?

घरी आल्या आल्या मी बायकोला समोर बसवलं आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. हातवारे करून, गुलाबरावांच्या आवाजात. म्हटलं, आता ही पोट धरून हसणार.

सुमन हसली नाही. म्हणाली, "म्हनजे खरंच कांदा पाहाले गेले होते तुमी?"

"म्हणजे काय? तुला सांगितलं होतं ना मी!"

"सांगतलं होतं. पन कांद्यासाठी कोन इतका भिते? जेवन नाही, झोप नाही. परवा संध्याकाळी चुलीजवळ बसून रडत होते."

"अगं, कांदा सोलून बघत होतो!"

"सगळे असंच म्हनतात," ती म्हणाली. "मंग गुलाबरावची बायको येऊन सांगून गेली. मी म्हटलं, असनही. इतक्या वर्षांत मानूस कधी ना कधी काहीतरी करतेच."

"सुमन! आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तुला वाटलं, मी साठेबाजी केली?"

"करू शकत नाही हे ठाऊक हाय मले. पन कोनी येऊन म्हटलं, साहेब, हे पोतं ठेवा तुमच्या घरी, तं तुमाले नाही म्हनता येते काय?"

मला खरंच येत नाही!

मग ती उठली आणि देवघराकडे जाता जाता म्हणाली, "शनिवारी जामसांवलीले जा लागते. तुमी सुटले तं दर्शनाले आनीन म्हनून मारुतीले बोलली मी."

गेलो. काय करणार? नवस तो नवस. तिथला मारुती पहुडलेला आहे, तुम्ही बघितलाच असेल. इतकी गर्दी, इतक्या घंटा, आणि तो आपला निवांत. सुमन डोळे मिटून मनोभावे त्याचे आभार मानत होती. मी शेजारी हात जोडून उभा होतो.

नवस बोलताना तिने त्याला माझा गुन्हा नेमका कोणता सांगितला, ते मी अजून विचारलेलं नाही. पण मला आपलं राहून राहून वाटत होतं, की मारुतीने एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं आणि मी घाईघाईने त्याला सॉरी म्हणालो.